निळ्या टोपणाची नळी

पहिला दिवस : शहागंज

पुणे सोडल्यापासून तो डबा माझ्या मांडीवर होता. बसमध्ये चढताना कंडक्टरनं विचारलं, मिक्सर काय? मी हो म्हणून टाकलं. रक्त किती वेळात गोठतं ते मोजायचं यंत्र आहे असं सांगितलं असतं तर शेजारची सीट रिकामी राहिली असती, हा फायदा होता. पण पुढचे प्रश्नही आले असते, आणि मला त्या दिवशी कुणाशीच बोलायचं नव्हतं.

पर्समध्ये एक पत्र होतं. परदेशातल्या एका नियतकालिकाकडून आलेलं, अतिशय सभ्य. तुमचा निष्कर्ष फारच वेगळा आहे, म्हणून तो ताज्या रक्तावर, रुग्णालयात स्वतः जाऊन, पुन्हा एकदा करून दाखवा, असं त्यात म्हटलं होतं. सभ्य भाषेतला संशय जास्त झोंबतो. आम्ही पुणेकर स्वतःच त्या कलेत पारंगत असल्यामुळे आम्हाला तो लगेच कळतो.

मी पंचवीस वर्षं प्रोटीएज नावाच्या गोष्टीवर काम करते आहे. नाव अवघड आहे, काम सोपं. ही शरीरातली विळी. प्रथिनं कापते. त्यातली एक विळी रक्तातलं एक प्रथिन नेमक्या जागी कापते, त्याचे धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं आणि रक्त गोठतं. भाजी चिरताना कापलेल्या बोटाचं रक्त पाच मिनिटांत थांबतं ते तिच्यामुळे. कॅन्सरची गाठ या विळ्यांना आपल्या कामाला जुंपते. आजूबाजूचं कापत ती वाट काढते आणि जाता जाता रक्तालाही बिघडवते. म्हणून कॅन्सरच्या माणसांच्या शिरांत गुठळ्या होण्याची भीती जास्त असते. पायात झालेली गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर माणूस बोलता बोलता जातो.

हे सगळ्या जगाला माहीत आहे. माझ्या हाती मात्र उलटंच लागलं होतं. संभाजीनगरच्या एका रुग्णालयातून आमच्याकडे जे नमुने येत, त्यांत रुग्णांचं रक्त धडधाकट माणसांपेक्षा सावकाश गोठत होतं. एखाद्याचं नाही, दहाच्या दहा जणांचं. पुण्याच्या रुग्णांत असं दिसत नव्हतं. मी त्यालाही कारण शोधलं होतं. इकडची माणसं उशिरा दवाखाना गाठतात, तोवर गाठ मोठी होते, आणि तिच्या विळ्या धाग्यांचं कच्चं सामानच फस्त करतात. हे कारण इतकं देखणं होतं की मी त्याच्या प्रेमात पडले. तीन वर्षं त्यावर गेली. एका विद्यार्थिनीचा अख्खा प्रबंध त्यावर उभा राहिला. आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, म्हणजे यानंतर दुसरं काही सापडायला वेळ नव्हता.

वाळूजच्या कारखान्यांपाशी बस अर्धा तास अडकली. चैत्राचं ऊन पत्र्यातून आत येत होतं आणि यंत्र तापतंय की काय म्हणून मी दर पाच मिनिटांनी डब्यावर हात ठेवून बघत होते. शेजारच्या बाईंनी शेवटी न राहवून विचारलं, आत बाळ आहे का. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

संध्याकाळी शहागंजात जेवायला गेले. नान-खलिया इथला, असं सगळे सांगतात. मोठ्या हंड्यातला पिवळाधमक रस्सा आणि तंदूरमधून काढलेला, हळदीचा हात फिरवलेला नान. दुसरा कुठला दिवस असता तर मी बोटं चाटली असती. दोन घास खाल्ले आणि मनात हिशेब सुरू झाला: उद्याचा नमुना जुळला नाही तर काय, परवाचा जुळला नाही तर काय. हॉटेलचे मालक गल्ल्यावरून उठून आले. "आपा, खाना ऐसा छोडते नै. बीमार हो क्या?" मी नाही म्हटलं. त्यांनी न विचारता लिंबू आणून ठेवलं आणि मी नान संपवेपर्यंत समोरून हलले नाहीत. आमच्याकडे दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघतो ते दुकान बंद व्हायची वेळ झाली हे सुचवायला. त्या गृहस्थांमुळे त्या दिवशी पोटात काहीतरी गेलं.

दुसरा दिवस : पाचोडच्या कौसाबाई

रुग्णालयात मी याआधी एकदाच आले होते, काम सुरू झालं तेव्हा. तासभर थांबले, भाषण केलं, समोसा खाल्ला, फोटो काढला आणि चार पानी इंग्रजी सूचनापत्र देऊन परत गेले. त्यानंतरचा सगळा व्यवहार खोक्यांचा. इथं रक्त काढायचं, यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं, ते छोट्या कुप्यांत गोठवून पुण्याला पाठवायचं. कुपीवर नाव नसतं, नंबर असतो. आम्ही नंबर ओळखत होतो.

डॉक्टर साळवे कॅन्सर विभागाचे प्रमुख. चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी चहा मागवला आणि तो यायच्या आतच विषयाला हात घातला. पाचोडच्या एक बाई दाखल होत्या, कौसाबाई. अंडाशयाचा कॅन्सर. शस्त्रक्रिया होऊन आठवडा झाला होता आणि आदल्या दिवसापासून डावा पाय सुजला होता. सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत गुठळी दिसली. अशा वेळी रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करतात. पण कौसाबाईंच्या रक्ताची तपासणी सांगत होती की ते आधीच पातळ आहे, सावकाश गोठतं आहे. त्यात इंजेक्शन दिलं आणि ताज्या टाक्यांतून रक्तस्राव सुरू झाला तर तो थांबायचा नाही. नाही दिलं तर गुठळी सुटायची वाट बघायची. सकाळी पुन्हा तपासणी केली, तेच उत्तर. संध्याकाळपर्यंत ठरवायचंच होतं.

"एरवी मी या तपासणीकडे कानाडोळा करून इंजेक्शन दिलं असतं," साळवे म्हणाले. "पण तुमचा अहवाल आहे माझ्याकडे. इथल्या रुग्णांचं रक्त असंच असतं म्हणून."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते, पण झाला. अकरावा रुग्ण, आणि तोही जुळला. बाईच्या पायात गुठळी आहे हे वाक्य त्यानंतर माझ्या डोक्यात शिरलं. पातळ रक्तात गुठळी कशी झाली, हा प्रश्न तर त्याच्याही नंतर आला.

कौसाबाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. पंचावन्नच्या असतील, हातात हिरव्या बांगड्या, पाय उशीवर. त्यांचे मालक दादाराव खाटेच्या कठड्याला धरून उभे. पाचोडला यांची पिठाची गिरणी. आठवड्याचा बाजार म्हणजे गिरणीचा मोठा दिवस, तो सोडून ते इथं थांबले होते. माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे लागलेली. कुणी ट्रे घेऊन आलं की त्यांचा जबडा आवळायचा, कारण ट्रे म्हणजे सुई.

ट्रे घेऊन आल्या त्या संगीता वाघमारे. बावीस वर्षं या रुग्णालयात रक्त काढतात. माझे सगळे नमुने यांच्या हातचे, पण आम्ही भेटत होतो पहिल्यांदाच. त्यांचा हात पाहण्यासारखा होता. एकीकडे कौसाबाईंना सुनेनं डब्यात काय दिलं ते विचारलं आणि बाई शेपूची भाजी म्हणेपर्यंत सुई आत गेलेली. सिरिंजमध्ये रक्त घेतलं, मग ट्रेमधल्या नळ्यांत वाटलं. आधी जांभळ्या टोपणाची, मग लाल, आणि शेवटी उरलेलं निळ्या टोपणाच्या नळीत.

निळी नळी रक्त गोठण्याच्या तपासणीची, म्हणजे माझी. तिच्यावर एक रेघ असते. रक्त रेघेच्या बरंच खाली थांबलं होतं, निम्म्याच्या थोडं वर.

मला वाटलं त्या अजून घालतील. त्यांनी टोपण लावलं, नळी हलकेच उलटीसुलटी केली आणि कौसाबाईंच्या दंडावर कापूस दाबला. बाहेरच्या ओसरीत मी त्यांना गाठलं आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं की रेघेपर्यंत का भरली नाही.

"आजारी माणसाचं कमीच घेते मी म्याडम," त्या म्हणाल्या. "अंगात रक्त नाय त्यांच्या. घरचे समोर हुभे राहून नळ्या मोजत्यात. जीव तुटतो त्यांचा, माझा बी तुटतो."

"सगळ्याच आजाऱ्यांचं?"

"व्हय, सगळ्यांचं. बावीस वर्षं तसंच हाय."

"आणि धडधाकट माणसांचं? नातेवाईक रक्त द्यायचे, तुलनेसाठी?"

"त्यांचं भरपूर. त्यांना काय धाड भरली."

निळ्या नळीत आधीपासून थोडं औषध असतं. रक्त लगेच गोठू नये म्हणून. ते पूर्ण भरलेल्या नळीच्या मापाचं असतं. आमटी दोघांची आणि मीठ चौघांचं घातलं तर काय होईल, तेच इथं होतं: औषध जास्त होतं आणि तपासणीत रक्त सावकाश गोठतं. रक्ताचा त्यात काही दोष नसतो. ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. माझ्या सूचनापत्रात सातव्या ओळीत लिहिलेलीही होती, पण का, ते लिहिलेलं नव्हतं. पुण्याला नळ्या कधी आल्याच नाहीत, आल्या त्या कुप्या. आजारी आणि निरोगी यांच्यात मला जो फरक सापडला होता तो रोगानं केलेलाच नव्हता. तो संगीताताईंच्या कनवाळूपणानं केला होता.

हे सगळं मला ओसरीत उभ्या उभ्या कळलं आणि त्याच क्षणी मी त्याच्याशी भांडायलाही लागले. कदाचित थोडाच परिणाम असेल. कदाचित तरीही माझं खरं असेल. माणूस आपलं घर जळताना आधी फोटो शोधतो तसं ते होतं. पण आत एक बाई पाय उशीवर ठेवून पडली होती आणि तिचं इंजेक्शन या अर्ध्या नळीपायी अडलं होतं.

साळव्यांना सांगितलं. ते ताडकन उठले. कौसाबाईंचं रक्त पुन्हा घ्यायचं, पूर्ण नळी. आणि इथं दादाराव आडवे आले. कालपासून चार वेळा काढलं, म्हणाले, आता एक थेंब नाही. साळव्यांनी समजावलं, मी समजावलं. मी समजावताना आवाज चढवला ही माझी आणखी एक चूक. त्यांचा चेहरा दगड झाला.

"एकदा म्हणता कमी घेतलं म्हणून चुकलं," ते म्हणाले. "उद्या म्हणाल जास्त घेतलं. तुमाला तरी माहीत हाय का, म्याडम?"

मला तरी माहीत होतं का? दहा नमुन्यांवर जग बदलायला निघालेल्या बाईला हा प्रश्न योग्य होता. मी बाही वर केली आणि संगीताताईंना म्हटलं, माझं घ्या. एक नळी रेघेपर्यंत, आणि एक तुम्ही आजाऱ्यांची भरता तेवढीच. दादाराव, तुम्ही या, बघा.

रक्त फिरवायच्या यंत्राला पंधरा मिनिटं लागतात. ती पंधरा मिनिटं आम्ही चौघं प्रयोगशाळेच्या खोलीत उभे होतो. माझं यंत्र टेबलावर मांडलं होतं. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते आणि मला कळत नव्हतं की कशासाठी. दोन्ही नळ्या सारख्या निघाल्या तर माझं संशोधन वाचत होतं आणि कौसाबाई तिथल्या तिथंच राहत होत्या.

पूर्ण नळीतलं माझं रक्त वेळेवर गोठलं. अर्ध्या नळीतलं माझंच रक्त गोठायला कितीतरी जास्त वेळ घेत राहिलं. आकडा पुढं सरकत होता आणि मी त्याकडे बघत होते. यंत्रानं चिठ्ठी बाहेर टाकली. ती कौसाबाईंच्या सकाळच्या चिठ्ठीसारखीच होती. म्हणजे माझ्याच शोधाप्रमाणे मीही मोठ्या गाठीची रोगी.

दादारावांनी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेतल्या, शेजारी शेजारी धरल्या, पुन्हा एकदा बघितल्या. मग वॉर्डकडे चालू लागले. खाटेवरून कौसाबाईंनीच विचारलं काय झालं, आणि दादारावांनी सांगायला सुरुवात करताच त्यांना थांबवलं.

"घ्या वो ताई," त्या संगीताताईंना म्हणाल्या. "एवढं गेलं, आजून एक नळी जाईल."

संगीताताईंनी ती नळी रेघेपर्यंत भरली. कौसाबाईंचं रक्त माझ्यापेक्षाही झटकन गोठलं. पुस्तकात लिहिलंय तसंच, साऱ्या जगाला माहीत होतं तसंच. साळव्यांनी इंजेक्शन लिहिलं आणि चार वाजायच्या आत ते पोटावर दिलंही गेलं.

मी ओसरीतल्या बाकावर बसले. तीन वर्षं गेली हे मला कळत होतं, विद्यार्थिनीला फोन करायला हवा हेही कळत होतं. संगीताताई शेजारी येऊन बसल्या. मी उगाच काहीतरी करायचं म्हणून पर्समधून नमुन्यांची यादी काढली. त्यांनी माझ्या हातातून ती घेतली आणि नंबरांवर बोट ठेवून माणसं सांगायला लागल्या. एक म्हणजे फुलंब्रीची मुलगी. दोन म्हणजे पैठणगेटाजवळचे चाचा. त्यांना प्रत्येक माणूस आठवत होता, कारण प्रत्येकाचं थोडं रक्त त्यांनी वाचवलं होतं.

आठव्या नंबरावर त्या थांबल्या. लासूर स्टेशनचे गुरुजी, म्हणाल्या. शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी संडासला जायला उठले, दम लागला आणि गेले. त्यांच्या मंडळी, शकुंतलाबाई, अजून फोन करतात. गुरुजींचं रक्त पुण्याला गेलं होतं ना, त्याचं पुढं काही झालं का, असं विचारतात.

मी साळव्यांकडे गेले आणि विचारलं की शस्त्रक्रियेनंतर गुठळी होऊ नये म्हणून देतात ते इंजेक्शन गुरुजींना दिलं होतं का. नव्हतं दिलं. तपासणीत रक्त पातळ आलं होतं, आणि माझा पहिला अहवाल त्याच आठवड्यात आला होता. निर्णय माझा होता, ते म्हणाले. ते त्यांनी दोनदा म्हटलं.

तिसरा दिवस : लासूर स्टेशन

संभाजीनगरला जाऊन आले म्हटल्यावर ओळखीचे विचारतात, वेरूळ पाहिलं का. नाही पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी लासूर स्टेशनला उतरले. डबा सोबत होताच. बाजार समितीच्या रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते आणि हवेत कांद्याचा वास होता. गुरुजींचं घर पहिल्याच माणसानं दाखवलं.

शकुंतलाबाई गच्चीवर होत्या. कुरडयांचा दिवस होता. गव्हाचा चीक शिजवून तो गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा लागतो, गार झाला की संपलं. त्यामुळे मी कोण, कशाला आले, हे विचारायला त्यांना फुरसतच नव्हती. पुण्याहून आलेय, गुरुजींच्या दवाखान्याच्या कामासंबंधी, एवढंच मी म्हणाले. बसा, म्हणाल्या, आणि दुसरा सोऱ्या माझ्या हातात दिला. आमच्याकडे कुरडया विकत आणतात, आणल्या तर. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पाडल्या. वेड्यावाकड्या. प्रत्येक कुरडईगणिक वाटत होतं की आता सांगावं, आणि त्या म्हणायच्या, जरा दाबून, तुटू देऊ नका.

पातेलं रिकामं झालं. दुसरं खाली चुलीवर शिजत होतं. त्या पदरानं मान पुसत माझ्यासमोर बसल्या आणि मी सांगितलं. नळीचं, रेघेचं, अहवालाचं, न दिलेल्या इंजेक्शनचं. संगीताताईंवर काही ढकललं नाही, साळव्यांवरही नाही. का भरायची ते मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि बघायलाही आले नव्हते, हे सांगितलं. कौसाबाईंचंही सांगितलं. ते का सांगितलं कोण जाणे. स्वतःला बरं वाटावं म्हणून असेल.

"मंग इंजेक्शन दिलं असतं तर वाचले असते?"

"सांगता येत नाही. कदाचित वाचले असते."

त्या गच्चीवरच्या कुरडयांकडे बघत होत्या. रडल्या नाहीत. मला त्या रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"लई हौसेनं दिलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "आख्ख्या गावात सांगत फिरले, माझं रक्त पुण्याला गेलंय, संशोधनाला. ते गेल्यावर मी बी तेच सांगते लोकाला. आता काय सांगू?"

खरं ते सांगा, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. खरं सांगायचं काम मी त्यांच्या गळ्यात घालायला आले नव्हते, आणि तरी तेच तर केलं होतं.

"माझं नाव सांगा," मी म्हणाले. "या बाईच्या चुकीमुळे गेले असतील, असं सांगा."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. खालून चीक शिजल्याचा वास यायला लागला होता.

"काय नाव तुमचं?"

मी सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरीला सांगतात तसं. त्यांनी ते एकदा हलक्या आवाजात म्हणून पाहिलं, बरोबर आहे का म्हणून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्या दुसरं पातेलं आणायला खाली गेल्या.